पालवीपर्यंतचं कनेक्शन

शुक्रा आता फार दिवसांचा सोबती नाही, हे कशेळ्याच्या वरच्या अंगाला डोंगराला टेकून बसलेल्या त्या वीस-बावीस घरांच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या शुक्राला. तो आपला पडवीत बाजेवर पडून येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायचा, "काय रं, असं तोंड पाडून कुठं चाललास? कुणी मेलं का काय?" आता यावर माणसानं उत्तर तरी काय द्यावं? लोक म्हणायचे, "नाय रं बाबा," आणि पाय उचलायचे.

डॉक्टरनं सांगितलं होतं ते साईनाथला. साईनाथ म्हणजे शुक्राचा एकुलता एक मुलगा. साजगावला कारखान्यात कामाला होता, शनिवारी घरी यायचा नि सोमवारी उजाडायच्या आत निघायचा. त्यानं ती गोष्ट आईला सांगितली कशेळ्याच्या नाक्यावर, जीप भरायची वाट बघताना. "आई, डॉक्टर म्हनला घरी न्या. काय खायचं ते खाऊ द्या. महिना, फार तर दीड." शुक्रा मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून घोरत होता. ठकीनं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि मान हलवली, जसा काही कुणी बटाट्याचा भाव सांगितला होता.

ठकीचा महिना कॅलेंडरचा नव्हता. शिमगा आठ दिवसांवर आला होता. शिमग्याला दारातला मोह फुलतो, तेव्हा त्याच्या अंगावर पान म्हणून नसतं. फुलं गळून संपली की पालवी फुटते. म्हणजे पालवी फुटेपर्यंत नवरा आपला, असं तिनं मनाशी धरलं. कुणाला बोलली नाही. बोलून काय त्यातला एक दिवस वाढणार होता?

साईनाथच्या जिवाला मात्र चैन पडेना. बापासाठी काही तरी करावं, पण काय? शुक्राला ना दारूचं वेड, ना विडीचं. त्याला एकच वेड होतं. कशेळ्याच्या बाजाराला गेला की टीव्हीच्या दुकानापुढं उभा राहायचा तो राहायचाच. ठकी मीठ आणायला धाडायची आणि हा मीठ विसरून घरी यायचा, वर सांगायचा, "अगं, काय मासा व्हता! आपल्या घराएवढा!" ठकी म्हणायची, "मग तोच शिजव, बिनमिठाचा." तर साईनाथनं टीव्ही आणला. डिशही घेतली. त्याच दुकानाचा विलास, कडावचा गडी, स्वतः बसवायला आला. कंपनीची योजना होती. टीव्हीला जोडायचा डबा फुकट, पण एक वर्षाचा करार. वर्षाच्या आत मोडायचा नाही.

विलास कौलांवर चढला. मागच्या बाजूला डोंगर नि फॉरेस्टची गर्द झाडी, डाव्या हाताला दोन आंबे. सिग्नल काही मिळेना. सगळं घर फिरून झालं आणि शेवटी पुढच्या कोपऱ्यात, मोहाच्या समोर, त्याचं यंत्र पिंपिं करायला लागलं. "सापडलं!" तो वरून ओरडला. "आभाळ मोकळं पायजे, मावशी. इथं बघा कसं मोकळं हाय!"

मोकळं होतं खरं. मोहाच्या नागड्या फांद्यांतून आभाळ जिकडं बघावं तिकडं दिसत होतं. विलास भातशेतीतला माणूस, त्याला भात कळतं, म्हैस कळते. मोह त्याच्या दृष्टीनं एक वाळकं झाड. पण साईनाथ? ज्याच्या झोळीचा दोर त्याच फांदीला बांधला होता, ज्याचं अर्धं बालपण त्या सावलीत गेलं, त्याला तरी आठवावं की नाही, की महिन्याभरात इथं हाताएवढ्या पानांचं रान होणार आहे? नाही आठवलं. कारखान्यात बारमाही एकसारखा उजेड असतो, ऋतू विसरतो माणूस.

ठकीला आठवलं. तिनं बोलायला तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात तिची नजर बाजेवर गेली. शुक्रा कोपरावर उठून बसला होता, हाडं नि कातडं झालेला, आणि त्या छपरावरच्या पांढऱ्या थाळीकडं अशा डोळ्यांनी बघत होता की ठकीनं उघडलेलं तोंड मिटलं. बोलले तर विलास कोयता मागेल, नाही तर थाळी घेऊन परत जाईल. आणि पालवीपर्यंत तर चालेल ना? पालवीपर्यंतच तर पाहिजे.

हा विचार तिच्या मनात आला आणि तिला स्वतःचीच एवढी भीती वाटली, की ती आत गेली आणि विझलेल्या चुलीत उगाच लाकडं सारत बसली. बाहेर विलास मोबाईलवर नाव घालत होता. कनेक्शन शुक्राच्या नावावर. "बघा हां मामा, वर्षभर मोडायचं नाय." शुक्रा खोकत खोकत म्हणाला, "मोडतो कशाला रं! वर्ष झालं का अजून एक वर्ष करू." ठकीनं ते आत ऐकलं. तिच्या डोळ्यांत धूर गेला, असं तिनं नंतर साईनाथला सांगितलं. चूल तर पेटलेलीच नव्हती.

त्यापुढचे दिवस असे गेले, की ठकीला ते पुढं कधी नीट मोजता आले नाहीत. उजाडायच्या आधी मोहाची फुलं टपटप गळायची. ती टोपली घेऊन झाडाखाली बसायची. झाड तिचं होतं. त्या घरात मोह सुनेला मिळायचा. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं हाताला धरून झाडाखाली नेलं होतं नि म्हणाली होती, "ह्यो तुझा. ह्याचं फूल तुझं, बी तुझं, तेल तुझं. नवरा भांडला तर हितं यून बस." चाळीस वर्षं झाली होती त्याला. आता ती तिथं बसून फुलं वेचायची आणि आवाज न करता रडायची. सूर्य वर आला की डोळे पुसायची, फुलं अंगणात वाळत घालायची, पेज शिजवायची आणि हसऱ्या तोंडानं घरात जायची. बायकांना हे कसं जमतं, देव जाणे.

दुपारी सगळं घर त्या वाळत्या फुलांच्या गोड वासात बुडून जायचं. तो वास असा, की नुसता घेतला तरी डोळ्यांवर झापड येते. शुक्रा बाजेवर, ठकी खाली भिंतीला टेकून, आणि समोर टीव्ही. शुक्रानं आवाज बंद करून टाकला होता. "ती बाई लई बडबडती, मासा बघू देत नाय," म्हणायचा. तर बिनआवाजी निळं पाणी भिंतीवरून हलत राहायचं. त्यात मासे यायचे, बर्फ पडायचा, उंट चालायचे. बाहेर पिवळं ऊन आणि आत समुद्र. कुठं आपण संपलो आणि कुठं ते चित्र सुरू झालं, दोघांनाही समजायचं नाही.

शुक्रा अर्धवट झोपेत बोलायचा. "ठके, पान्याच्या खाली पन मोह फुललाय बघ. मासं फुलं खाताना दिसत्यात." ठकी म्हणायची, "खाऊ दे." "आगं, तुझी फुलं हायती." "खाऊ दे रं. लई पडल्यात." मग तिलाही डुलकी लागायची. तिच्या स्वप्नात ते बर्फातले जाड कपड्यांतले लोक वाडीत यायचे, तिच्यासोबत फुलं वेचायचे, आणि निघताना शुक्राला हाक मारायचे. ती दचकून जागी व्हायची. शुक्रा तिथंच असायचा, तोंड उघडं टाकून झोपलेला. ती त्याच्या नाकापुढं हात धरून बघायची. गरम वारा हाताला लागला की पुन्हा भिंतीला टेकायची. एवढं सुख आणि एवढं दुःख एकाच दुपारी, तेही रोज. लग्नानंतर इतका वेळ ती दोघं एका जागी कधी बसलीच नव्हती.

मग एके दिवशी मोहाच्या टोकाटोकांना तांबूस कोंब दिसले.

त्या दिवशी ठकीनं टोपली खाली ठेवली आणि मान वर करून ती कितीतरी वेळ उभी राहिली. कोंबांची पानं झाली, तांब्याच्या रंगाची, उन्हात चमचमणारी. टीव्हीतला मासा पोहता पोहता मध्येच थबकायला लागला. त्याचे चौकोन व्हायचे. कधी शेपूट एकीकडं, डोळा एकीकडं. शुक्रा डोळे चोळायचा. "ठके, मला नीट दिसंना झालंय गं."  ठकी मनाशी म्हणायची, आलं, आता मरण आलं. घराची झाडलोट करून ठेवली, साईनाथला निरोप धाडला, नवऱ्याचे पाय दाबत बसून राहिली.

तर शुक्रा म्हणाला, "भाकर हाय का? पेजंनं पोट भरत नाय."

तिनं भाकर दिली. दुसऱ्या दिवशी दोन मागितल्या. तिसऱ्या दिवशी सुकटीची चटणी मागितली. आठवड्यानं तो बाजेवरून उठून काठी टेकत अंगणात आला आणि मुतायला कुंपणापर्यंत एकटा गेला. डॉक्टर चुकला, का पेज लागू पडली, का माशांनी बरा केला, ते कुणी सांगावं! पालवी हिरवी झाली, दाट झाली, आणि शुक्रा ठणठणीत म्हणण्याइतका बरा झाला. ठकीला आनंदानं नाचावंसं वाटत होतं. पण टीव्हीवर आता एकच काळा पडदा आणि त्यावर एकच ओळ उरली होती. साईनाथनं वाचून दाखवली. सिग्नल नाही.

बरा झालेला नवरा आजारी नवऱ्यापेक्षा भारी, हे ठकीला दोन दिवसांत समजलं. शुक्रानं वर पाहिलं, थाळी पाहिली, झाड पाहिलं आणि क्षणात सगळं ओळखलं. जन्म रानात गेलेला माणूस तो. "झाड आडवं आलंय. कोयता दे."

"झाड माझं हाय," ठकी म्हणाली.

"तुझं हाय ना? मग डिश लावली तवा का नाय बोललीस? तुला ठावं नव्हतं पानं येत्यात?"

ठकी काय सांगणार? वर्षाच्या कराराचा माणूस तू, आणि मी तुझा करार महिन्याभराचा धरला होता? रोज सकाळी तो कोयता मागायचा, रोज ती नाही म्हणायची, आणि रोज तो तोच प्रश्न विचारायचा. ती गप्प राहिली की त्याला वाटायचं, बाई हट्टाला पेटली. वाडीतले लोकसुद्धा म्हणायला लागले, "आगं, मरनातून उठलाय तो. झाडापरीस मानूस मोठा का नाय?" धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी तिची गत झाली. खरं सांगावं तर नवऱ्याचं मन मोडतंय, न सांगावं तर सासूचा मोह जातोय.

वैशाखातल्या एका रविवारी साईनाथ विलासला घेऊन आला. शुक्रा अंगणात बाजेवर बसला होता, मांडीवर कोयता. तो त्यानं कोठीतून स्वतःच हुडकून काढला होता. विलासनं वर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आयला! हे वाळलेलं नव्हतं व्हय?"

"तुझं भाताचं शेत बी शिमग्याला वाळकंच असतंय ना? ते मेलं म्हनायचं का?" ठकी तडकली.

विलासनं घराला दोन चकरा मारल्या, उंच खांबाचा विचार करून पाहिला, यंत्र इकडं तिकडं धरलं. दुसरी जागाच नव्हती. "दोन फांद्या कापून काय व्हनार नाय, मामा," तो म्हणाला. "ह्या अंगाची सगळी बाजू उतरवावी लागंल. म्हंजे अर्धं झाड."

"उतरव," शुक्रा म्हणाला.

"आई, अर्धं तर राहील ना," साईनाथ हळूच म्हणाला. ठकीनं मुलाकडं असं पाहिलं की तो काठीनं माती उकरायला लागला.

ती म्हणाली, "विलास, डिशच काढून ने. नको आमाला."

"आसं कसं, मावशी? करार वर्षाचा हाय. आता मोडला तर डबा परत आन उरलेल्या महिन्यांचं पैसं भरायचं."

"बिनपैशाचा मोडत नाय का?"

विलासनं मोबाईल काढला, बोटानं वर-खाली केलं. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. "दोनच वाटा हायत. एक, तुमी जिथं सेवाच नाय अशा गावी राहायला गेलात तर. नायतर मग..." तो अडखळला, मग हसून टाकलं, "नायतर ज्याच्या नावावर हाय तो वारला तर."

शुक्रा हसला. खो खो हसला, खोकला लागेपर्यंत. "मग थांबा की! एवढी घाई कशाला? आत्ता मरतो!" विलास हसला. साईनाथ हसला नाही. आणि ठकी खाली बसली, मोहाच्या मुळाशी, जिथं ती महिनाभर रोज बसायची. तोंडाला पदर लावला आणि रडायला लागली. पण या वेळी आवाज न करता नव्हे. एवढे दिवस कोंडलेलं सगळं रडणं एकदम बाहेर पडलं, वाडीतली कुत्री उभी राहिली.

"आगं, थट्टा केली," शुक्रा घाबरून म्हणाला. "ठके! मस्करी केली गं!"

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"काय ठावं व्हतं?"

"पानं येनार ते. डिश लावली त्याच दिशी ठावं व्हतं. बोलले नाय. मला वाटलं..." तिनं पदर खाली केला. आता सांगायचंच तर तोंड झाकून कशाला? "मला वाटलं तुला पालवी दिसायची नाय. डॉक्टर म्हनला व्हता, महिना, फार तर दीड. म्हनलं, तेवढा येळ बघंल. तेवढं तरी बघू दे. झाड बी राहील."

 विलासला कुठं बघावं समजेना, तो मोबाईलकडं बघत राहिला. शुक्रानं मुलाकडं पाहिलं. साईनाथनं मान खाली घातली, एवढ्यानंच बापाला समजलं.

"किती दिस झालं त्याला?" शुक्रानं विचारलं.

"अडीच महिनं, बा."

शुक्रा ठकीकडं वळला. मग म्हणाला, "म्हंजे रोज सकाळी तू फुलं येचायला जायचीस, ती इतका येळ..."

"रडायचे."

"मला वाटायचं, औंदा फुलं लई पडली."

आता तोच रडेल असं साईनाथला वाटलं. पण त्यानं मांडीवरचा कोयता उचलला आणि बाजेखाली सरकवला. आणि मान वर केली. महिनाभर तो त्या पानांकडं बघत होता, पण शिव्या द्यायला. मध्ये येणारी, मासा तोडणारी, मेली पानं. आता तो नुसता बघायला लागला. वारा आला की सगळं झाड खालपासून वरपर्यंत हलायचं, उजेड त्यातून गळून अंगणात पडायचा, त्याच्या पायांवर, ठकीच्या डोक्यावर, विलासच्या मोबाईलवर. जी पालवी आपल्याला दिसणार नव्हती, ती ही. किती दाट होती! तो बघत राहिला आणि कुणीही त्याला घाई केली नाही.

"काढ ती थाळी," शेवटी तो म्हणाला. "पैसं साईनाथ भरंल."

"भरतो, बा."

"आन तू उठ," तो ठकीला म्हणाला, "का अजून रडायचं शिल्लक हाय? असंल तर रड, मी हाय बसलेला." ती हसली आणि आणखीच रडली. त्यानं बाजेवर सरकून तिला जागा केली. वाडीत चारचौघांत नवऱ्याशेजारी बसायची रीत नव्हती. ठकी जाऊन बसली.

विलास कौलांवर चढला, पाना फिरवला, थाळी दोरीनं खाली सोडली. मग अंगणात उकिडवा बसून त्यानं मोबाईलवर कनेक्शन बंद करायला घेतलं. शुक्राचं नाव घातलं, नंबर घातला. मग थांबला. "मामा, कारण इचारतंय. घर बदललं, सेवा आवडली नाय, ग्राहक वारला, नायतर इतर. इतर दाबलं तर लिव्हावं लागतंय. काय लिव्हू? झाड आडवं आलं?"

"झाडानं काय केलंय?" शुक्रा म्हणाला. "झाडाचं नाव घालू नको."

"मग काय लिव्हू?"

शुक्रानं बायकोकडं पाहिलं. तिचा हात बाजेच्या काथ्यावर होता, त्यावर त्यानं आपला हात ठेवला.

"लिव," तो म्हणाला, "मानूस जगला."

विलासनं एकदा दोघांकडं पाहिलं. मग अंगठ्यानं एकेक अक्षर शोधत त्यानं तसंच लिहिलं आणि पाठवून दिलं.